शोधाशोध : आधी कोण धडपडलं?

दोस्तांनो, या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र घणसोलीहून आलं आहे. नवी मुंबईकरांना ठाऊक असेल, हल्ली घणसोली म्हटलं की पत्त्यात सेक्टरचा नंबर येतो. पण या मुलानं ‘घणसोली गाव’ असं लिहून ‘गाव’ या शब्दाखाली ठळक रेघ मारली आहे! म्हणजे खाडीकाठचं, आगरी-कोळ्यांचं जुनं घणसोली. आपल्याला आवडला बुवा हा ठसका.

तर हा मुलगा आठवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी त्यानं विषय निवडला ‘अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचा इतिहास’. चौदा पानं लिहिली, चित्रं चिकटवली. फिरती खुर्ची, गरगर फिरवणारं यंत्र, पाण्याचा मोठा तलाव, एकट्यानं राहायची खोली, बर्फातलं जंगल, सगळं त्यात आहे. सरांनी शेवटच्या पानावर शेरा मारला, ‘यादी छान. इतिहास कुठे आहे?’ आता तो विचारतो, यादी आणि इतिहास यांत फरक तो काय? आणि खाली बारीक अक्षरात एक तक्रार : ‘आमच्या गावातून कुणी अंतराळात गेलेलं नाही. मग मला इथे बसून काय सापडणार?’

त्याच्या यादीतली एकेक गोष्ट घेऊन मी पुन्हा पुस्तकं चाळली. आणि एक गंमत दिसली. ही यादी कुणी हुशार माणसानं खोलीत बसून एका दिवसात केलेली नाही. तिच्यातल्या बहुतेक ओळींमागे कुणीतरी आधी धडपडलेलं आहे. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : ‘हे आधी कुणाला जड गेलं?’ उत्तर शोधायला लागलात की इतिहास आपोआप हाती लागतो. कसा ते बघा.

फिरत्या खुर्चीपासून सुरुवात करू. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन अंतराळात गेला, हे तुम्हाला शाळेत शिकवलेलं असतं. तो वर होता अवघी १०८ मिनिटं. त्याच्या जागी ऐन वेळी जायला जो तयार बसला होता, त्याचं नाव गेरमान तितोव. त्याची पाळी आली ६ ऑगस्ट १९६१ ला, आणि तो वर राहिला २५ तासांहून जास्त. पृथ्वीभोवती सतरा फेऱ्या! आणि या धडधाकट, पंचविशीतल्या लढाऊ वैमानिकाला वर गेल्यावर मळमळायला लागलं. डोकं गरगरलं, अन्न नको झालं. आपल्याकडे त्याला काय म्हणतात? गाडी लागली! कोकणात जाताना घाटात निम्म्या एसटीला लागते तशी. कोळीवाड्यात म्हणतील, बोट लागली. अंतराळात ‘बोट लागलेला’ जगातला पहिला माणूस म्हणजे हा तितोव.

गागारिनला असं काही जाणवलं नव्हतं, त्यामुळे रशियन डॉक्टर निर्धास्त होते. तितोवनंतर त्यांची झोप उडाली. कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला सवय लावण्यावर तेव्हापासून फार भर दिला जाऊ लागला, आणि फिरती खुर्ची अंतराळवीरांची कायमची सोबतीण झाली.

हे कसं घडतं ते घरी करून बघता येईल. गोल फिरणारी खुर्ची घ्या, डोळे मिटून बसा आणि कुणालातरी एकाच वेगानं हळूहळू फिरवायला सांगा. थोड्या वेळानं आपण फिरतच नाही असं वाटू लागेल. मग खुर्ची थांबवली, की उलट्या दिशेनं फिरल्यासारखं वाटेल! (खुर्ची थांबल्यावर लगेच उठू नका. धाडकन पडाल.) आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत आणि त्यांत पातळ द्रव आहे. डोकं फिरायला लागलं की द्रव आधी मागे रेंगाळतो, मग गती पकडतो, आणि आपण थांबलो तरी तो क्षणभर वाहतच राहतो. म्हणून फसगत. शिवाय कानात बारीक खड्यांसारखे कण असतात. ते वजनानं दाब देतात म्हणून वर कुठे आणि खाली कुठे ते आपल्याला कळतं. अंतराळात दाबच नाही. डोळे सांगतात एक, कान सांगतात दुसरं, आणि पोटात ढवळतं.

आता घणसोलीच्या आमच्या मित्रा, तुला गावात काय सापडेल ते इथे सांगतो. खाडीत बोट फारशी लागत नाही, पण कधी बाहेर, खुल्या समुद्रावर जाऊन आलेलं कुणीतरी गावात भेटेलच. त्या आजोबांना विचार, की पहिल्यांदा बोट लागली तेव्हा मोठ्यांनी काय करायला सांगितलं? नजर कुठे ठेवायची? काय खायचं, काय नाही? किती फेऱ्यांनंतर सवय झाली? आणि नव्या पोराला होडीवर नेताना सगळ्यांत आधी काय शिकवतात? त्यांनी एखादा नियम सांगितला की लगेच विचार, ‘असं का?’ बहुतेक वेळा त्या ‘का’च्या उत्तरात एखादा प्रसंग निघेल. तो वहीत उतरव. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, तेही लिही. मॉस्कोजवळच्या डॉक्टरांनी तितोवला जमिनीवर उतरल्यावर असेच प्रश्न विचारले असतील ना?

बर्फातल्या जंगलाचं उत्तर तर एखाद्या साहसकथेत शोभावं असं आहे. मार्च १९६५. अलेक्सेई लिओनोव हा यानाबाहेर पाऊल टाकणारा पहिला माणूस ठरला. त्याच्याबरोबर यानात होता पावेल बेल्यायेव. परतीच्या वेळी आपोआप उतरवणारी यंत्रणा बिघडली, यान हातानं चालवून उतरवावं लागलं आणि ठरल्या जागेपासून काही शे किलोमीटर लांब, उरल पर्वताकडच्या घनदाट जंगलात पडलं. सगळीकडे कमरेएवढं बर्फ, झाडं इतकी दाट की हेलिकॉप्टर उतरेना. दोघांनी जंगलात दोन रात्री काढल्या. शेवटी मदतीला आलेल्या लोकांबरोबर स्कीवरून चालत त्यांना बाहेर यावं लागलं.

या गोष्टीचं दुसरं टोक आपल्याकडे आहे. भारताच्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेले हवाई दलाचे चार वैमानिक २०२० साली रशियाला प्रशिक्षणासाठी गेले. फेब्रुवारीत पोचले आणि त्याच महिन्यात त्यांना कुठे नेलं, सांगा बघू? बर्फाळ, दलदलीच्या जंगलात! यान भलतीकडे उतरलं तर मदत येईपर्यंत तग कसा धरायचा, हे शिकायला. पुढे पाण्यात उतरण्याचा सराव झाला, मग गवताळ मैदानातला. १९६५ मधल्या त्या दोन रात्रींसारख्या रात्रींची तयारी २०२० मध्ये आपल्या वैमानिकांनी केली. आता ‘बर्फात राहण्याचा सराव करतात’ हे यादीतलं वाक्य पुन्हा वाचा. वेगळं वाटतं की नाही?

पाण्याच्या तलावाचं थोडक्यात सांगतो. जून १९६६ मध्ये अमेरिकेचा यूजीन सर्नन यानाबाहेर काम करायला गेला आणि पार दमला. धरायला जागा नाही, हात एका बाजूला ढकलला की अंग दुसरीकडे, घामानं शिरस्त्राणाची काच आतून धुरकटलेली. काम अर्धवट टाकून त्याला आत यावं लागलं. मग नोव्हेंबरमध्ये बझ ऑल्ड्रिनची पाळी होती. त्यानं सराव कुठे केला असेल? बाल्टिमोर शहराजवळच्या मॅकडोनो नावाच्या एका शाळेच्या पोहण्याच्या तलावात! अंगाला अशी वजनं बांधायची, की माणूस बुडतही नाही आणि वरही येत नाही. ऑल्ड्रिननं यानाबाहेर साडेपाच तास व्यवस्थित काम केलं. पुढे ह्यूस्टनला यासाठी १२ मीटर खोल आणि ६२ मीटर लांब तलाव बांधला गेला. पण सुरुवात शाळेच्या तलावात झाली, हे मला फार आवडतं. (आणि हो, हा प्रयोग खाडीत करून बघायचा नाही! पाण्यात उतरायचं ते पोहता येणारं मोठं माणूस सोबत असेल तरच.)

आता एकट्यानं राहायची खोली. ही गोष्ट लिहावी की नाही, असा विचार मी करत होतो. पण तुम्ही काही लहान नाही.

गागारिनच्या उड्डाणाआधी जेमतेम तीन आठवडे, २३ मार्च १९६१ ला, व्हालेंतिन बोंदारेंको नावाचा चोवीस वर्षांचा उमेदवार मॉस्कोत अशाच बंद खोलीत होता. पहिल्या वीस उमेदवारांपैकी एक. बरेच दिवस बाहेरच्या कुणाचा चेहरा न बघता राहायची परीक्षा होती. खोलीतल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं होतं. अंगावर चिकटवलेल्या तारा काढल्यावर त्यानं स्पिरिटच्या कापसानं त्वचा पुसली आणि बोळा टाकला. तो नेमका विजेच्या शेगडीच्या तापलेल्या तबकडीवर पडला. ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेत आग कशी भडकते ते विज्ञानाच्या तासाला शिकला आहात. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब वेगळा असल्यामुळे दार चटकन उघडता येईना. काही तासांनी तो हॉस्पिटलमध्ये वारला.

ही बातमी जगाला कधी कळली? १९८६ मध्ये! मॉस्कोच्या ‘इझ्वेस्तिया’ वर्तमानपत्रात ती छापून आली तेव्हा. तब्बल पंचवीस वर्षं हा मुलगा कुठल्याच इतिहासात नव्हता.

लपवालपवी फक्त बातमीत होते असंही नाही. त्याच पहिल्या तुकडीत ग्रिगोरी नेल्युबोव नावाचा एक वैमानिक होता, गागारिन आणि तितोव यांच्यानंतरच्या क्रमांकाचा. शिस्त मोडली म्हणून १९६३ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे १९६१ च्या एका सामूहिक फोटोतून त्याची आकृतीच पुसून टाकली गेली! मूळ फोटो मात्र कुठेतरी छापला गेला होता. जेम्स ओबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले, आणि एकात जिथे माणूस होता तिथे दुसऱ्यात नुसतीच पार्श्वभूमी दिसली. कसलं भारी यंत्र लागलं याला? काही नाही. दोन पुस्तकं आणि दोन डोळे. तुमच्या इंटरनेटवरच्या माहितीलाही हाच नियम लावा. एकाच ठिकाणचं उतरवून घेतलं तर पुसलेला माणूस दिसणार नाही.

इथे एक सावधगिरीही सांगून ठेवतो. २७ जानेवारी १९६७ ला अमेरिकेत अपोलो यानाच्या जमिनीवरच्या सरावात शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे गेले. काही लेखक लिहितात, की रशियानं बोंदारेंकोची बातमी दडवली नसती तर हे तिघे वाचले असते. वाचायला हे वाक्य जोरदार वाटतं. पण ऑक्सिजन भरलेल्या खोल्यांमध्ये आगी लागण्याचे प्रकार अमेरिकेतही आधी झाले होते, आणि तिथल्या तंत्रज्ञांना ते माहीत होते. म्हणजे धडा हाताशी असूनही पुरेसा घेतला गेला नव्हता. जोरदार वाक्य दिसलं, की तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं. माझी तर पुस्तकं अशा प्रश्नचिन्हांनी भरलेली आहेत.

ही एकांताची खोली आपल्या राकेश शर्मांच्याही वाट्याला आली होती. बंगळूरला हवाई दलाच्या केंद्रात निवड चालू असताना त्यांना ७२ तास एका खोलीत बंद ठेवलं होतं. बंद जागेत जीव घाबरतो का, हे पाहायला. नंतर सप्टेंबर १९८२ मध्ये ते आणि रवीश मल्होत्रा रशियातल्या ‘स्टार सिटी’त, म्हणजे अंतराळवीरांच्या गावात, राहायला गेले. तिथली सर्वांत अवघड परीक्षा कुठली होती? आधी रशियन भाषा! यानातली सगळी बटणं, सगळी पुस्तकं, सगळ्या सूचना रशियन. दिवसाचे सहासहा-सातसात तास भाषेचा अभ्यास. इंग्रजीच्या पेपराला घाबरणाऱ्यांनी हे वाचून ठेवा.

शर्मांचं उड्डाण ३ एप्रिल १९८४ ला झालं आणि ११ एप्रिलला ते परतले. आता कुठल्या यानातून? चार ठिकाणी बघा. कुठे ‘सोयुझ टी-११’ सापडेल, कुठे ‘सोयुझ टी-१०’. कोण चुकलं? खरं तर दोन्ही नावं बरोबर आहेत, चूक होते ती अर्धीच गोष्ट लिहिल्यामुळे. ते गेले टी-११ मधून आणि आले टी-१० मधून! सोयुझ यान वर काही महिनेच भरवशाचं राहतं. म्हणून पाहुणे नवं कोरं यान घेऊन जायचे, ते अंतराळस्थानकावर मुक्काम करणाऱ्यांसाठी ठेवायचे आणि तिथलं जुनं यान घेऊन परतायचे. प्रत्येकाच्या पाठीच्या मापानं घडवलेलं आसनही मग या यानातून त्या यानात हलवावं लागे. दिल्लीच्या नेहरू तारांगणाला मिळालेली कुपी आहे ती परतीची, टी-१० ची.

आणि रवीश मल्होत्रा? शर्मा जे जे शिकले ते सगळं मल्होत्राही शिकले. तीच भाषा, तीच गरगरणारी यंत्रं, तेवढेच दीड वर्ष. उड्डाणाच्या दिवशी ते जमिनीवर होते. प्रशिक्षणाचा इतिहास लिहायचा तर मल्होत्रांना अर्धी पानं द्यायला हवीत. आपण एक ओळ देतो. अशी आणखी माणसं आहेत. इस्रोचे पी. राधाकृष्णन नायर आणि एन. सी. भट यांची निवड अमेरिकेच्या स्पेस शटलमधून ‘इन्सॅट-१सी’ या उपग्रहाबरोबर जाण्यासाठी झाली होती. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’चा स्फोट झाला आणि सगळंच थांबलं. उपग्रह १९८८ मध्ये युरोपच्या एरियान अग्निबाणावरून वर गेला. माणसं इथेच राहिली. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात गेले, तेव्हा त्यांच्या जागी जायला तयार होते प्रशांत बालकृष्णन नायर. आडनाव सारखं म्हणून या दोन नायरांची गल्लत मात्र करू नका!

महाराष्ट्राचा धागाही यात आहे. शर्मा १९६६ मध्ये ज्या संस्थेत दाखल झाले ती पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. शुक्ला, प्रशांत नायर आणि गगनयानचे दुसरे दोघे, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप, तेही तिथलेच छात्र. अंतराळातून आल्यावर शर्मा १९८७ ते १९९२ या काळात नाशिकच्या विमान कारखान्यात, म्हणजे ‘हाल’मध्ये, मुख्य चाचणी वैमानिक होते. नाशिककर वाचकांनो, ओझरला काम केलेलं कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?

तेव्हा या आठवड्याचं काम सांगतो. घरात किंवा शेजारी, १९८४ मध्ये निदान दहा वर्षांचं असलेलं एक माणूस गाठा. इंदिरा गांधी आणि राकेश शर्मा यांचं बोलणं टीव्हीवर पाहिलं का, विचारा. टीव्ही कुणाच्या घरी होता? रंगीत की काळा-पांढरा? किती जण बसले होते? वर जायच्या आधी शर्मा काय काय शिकले हे तेव्हा कुणाला माहीत होतं का? मल्होत्रांचं नाव ऐकलेलं आठवतं का? सगळं लिहून घ्या, आणि मग जवळच्या ग्रंथालयात एप्रिल १९८४ ची वर्तमानपत्रं मिळतात का ते बघा. घणसोलीहून ठाणं लोकलनं जवळ आहे, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. आईबाबांना घेऊन जा, तिथल्या काकांना विचारा. आठवण आणि छापील बातमी जुळत नसेल तर खोडाखोड करू नका. दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

एका कागदावर, एकाच बाजूला, दोनशे शब्दांत लिहून पाठवा. निवडक पत्रं याच पानावर येतील. आणि दर वेळी निम्मे लोक विसरतात म्हणून सांगतो, पाकिटावर इयत्ता आणि पिनकोड लिहा!